जड काडतुसं

माझी बायको डावखुरी आहे, आणि या सगळ्या प्रकाराचं मूळ तिथं आहे. लहानपणी पुण्यात त्या डाव्या हातावर तिनं पुष्कळ फटके खाल्ले. जेवायला उजवा, लिहायला उजवा, तीर्थ घ्यायला उजवा. पुढे ती हाडांची सर्जन झाली आणि साउथहॅम्प्टनला त्याच डाव्या हातानं म्हाताऱ्या इंग्रजांचे खुबे बदलण्यात तिची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर तिनं शिकारीचं मनावर घेतलं, तेव्हा दुकानातल्या बहुतेक रायफली उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेल्या निघाल्या. डावखुऱ्यांची रायफल मागवावी लागते, आणि तिला थांबायची सवय नाही. कोपऱ्यात एक सेकंडहँड लिव्हर-ॲक्शन उभी होती. चापाच्या खाली एक लोखंडी कडी. तिच्यात बोटं घालून ती खाली ढकलायची आणि परत वर ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. कुठल्याही हातानं चालते. तिनं ती उचलून खांद्याला लावली, आणि आता ही घरी येणार हे मला कळून चुकलं.

मी भूलतज्ज्ञ होतो. लोकांना वाटतं आम्ही माणसाला झोपवण्याचा पगार घेतो. तो पगार खरं तर घाबरण्याचा असतो. सर्जन कापत असतो, मध्येच क्रिकेटच्या गप्पा मारत असतो, आणि पेशंटच्या डोक्याशी बसलेला माणूस एकेका श्वासाला घाबरत असतो. हे काम मी इमानेइतबारे केलं, आणि निवृत्त झालो तरी ते सुटलं नाही. जिन्यावर मोजा पडलेला दिसला तरी मला त्यावरून घसरलेलं कुणीतरी दिसतं. बायको मात्र सर्जन. सर्जन लोकांना झोप छान लागते.

साउथहॅम्प्टनचं घर विकून आम्ही फॉरेस्ट ऑफ डीनच्या कडेला राहायला आलो तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की या जंगलात रानडुकरं आहेत. रात्रीतून येतात आणि कुणाचं लॉन, कुणाची बाग नांगरून ठेवतात. आमच्या गल्लीपलीकडच्या फार्मरची सफरचंदाची बाग त्यांनी पार उकरून टाकली होती. त्याच्या कुत्र्याची कूस एका डुकरानं फाडली, तेव्हापासून त्याच्या नाती बागेत खेळायच्या बंद झाल्या. फार्मर स्वतः पूर्वी बंदूक चालवायचा, पण आता त्याच्या डोळ्यांत मधोमध डाग आलाय. त्यानं हे सगळं आमच्या किचनमध्ये चहा पीत सांगितलं आणि माझी बायको ज्या पद्धतीनं ऐकत होती ते बघून मी कप उचलायला घेतले. ती बरीच वर्षं क्लबात जाऊन हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडायची. पण निवृत्तीनंतर तिचे हात रिकामे झाले होते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या ती बोटांनी हवेत टाके घालायची.

मग कोर्स झाला, अर्ज झाला, पोलिसांकडून एक बाई घर बघायला आल्या. फार सज्जन बाई. भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट त्यांनी हलवून पाहिलं, आणि मग मला एकट्याला किचनमध्ये घेऊन विचारलं की घरात बंदूक असण्याबद्दल मला काही वाटतं का. मी म्हणालो, ॲब्सोल्यूटली फाइन. दुसरं काय म्हणणार. इतक्या वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर उजेड आला होता, तो मी किचनमध्ये उभं राहून विझवणार होतो काय. जाताना बाईंनी बजावलं की कपाटाची किल्ली कुठं असते हे मला कळता कामा नये, तसा नियमच आहे. आमच्या संसारात एकमेकांपासून लपवलेली ही पहिली वस्तू. ती कपाट उघडायची तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहायचो आणि लोखंडाचा आवाज ऐकायचो.

बर्मिंगहॅमहून मुलाचा फोन आला. तो इथंच जन्मला, बँकेत आहे, आणि त्याचं मराठी आम्ही दोघांनी मिळून बिघडवलं आहे. "बाबा, तो बंदूक घरात आहे, दॅट्स नॉट नॉर्मल," तो म्हणाला. "आईला सांग ना, कुठला तरी दुसरा हॉबी घे. पॉटरी कर."

"तूच सांग," मी म्हणालो.

"नो वे," तो म्हणाला. "मला तिची भीती वाटतो." त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ हवापाण्यावर बोललो.

काडतुसं घ्यायला मी तिच्याबरोबर गेलो. दुकान ट्रॅक्टरच्या शोरूमच्या मागे होतं, आत ओल्या कुत्र्यांचा आणि तेलाचा वास. दुकानदार गप्पिष्ट होता, बोलता बोलता बिस्किटं खात होता. त्यानं तिचं सर्टिफिकेट पाहिलं, कशाची शिकार, किती लांबून, कुठं बसून, असे प्रश्न विचारले, आणि काउंटरवरच्या रबरी मॅटवर काडतुसं मांडायला लागला. मी आजवर बंदुकीची गोळी पाहिली होती ती माणसातून काढलेली, एका ट्रेमध्ये, शेंगदाण्याएवढी. ही काडतुसं माझ्या बोटाएवढी होती, आणि जाडीला माझ्या बोटापेक्षा जास्त. मॅटवर ठेवताना टपकन आवाज यायचा.

पहिली गोष्ट त्यानं सांगितली ती ऐकून मी बाहेर जाऊन गाडीत बसावं असं मला वाटलं. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत भरतात, एकामागे एक, आडवी. म्हणजे एकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं असतं, आणि बुडाच्या मधोमध असते ती टिकली, जिच्यावर ठोका बसला की काडतूस उडतं. गोळीचं नाक टोकदार आणि कडक असेल तर बंदुकीच्या धक्क्यानं ते टोक पुढच्या टिकलीवर आपटू शकतं, आणि मग उडतं ते नळीतच, धरणाऱ्याच्या हाताखाली. म्हणून या रायफलीला चपट्या नाकाची गोळी, नाहीतर रबरासारखं मऊ टोक लावलेली. टोकदार कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही. बायको मान हलवत होती. तिला हे कोर्समध्ये शिकवलं होतं. मला कुणी काही शिकवलं नव्हतं. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो.

"टोक सगळ्यांचं चपटं आहे ना, ते बघून घे," मी हळूच म्हणालो.

"अरे, बघितलंय मी," ती म्हणाली. "तू बिस्किट घे."

उरला प्रश्न वजनाचा. गोळीचं वजन अजून ग्रेनमध्ये मोजतात. ते माप मी कॉलेजात फार्माकॉलॉजीच्या जुन्या पुस्तकात पाहिलं होतं, त्यानंतर थेट इथं. हलकी गोळी तीनशे ग्रेनची. लागली की लवकर पसरते, धक्का बेताचा, हरणाला उत्तम, आणि जागेवर नेम बसला तर डुकरालाही पुरते, असं दुकानदाराचं म्हणणं. जड गोळी चारशेची, मागे बारूदही जास्त. ती डुकराच्या खांद्याचं जाड कातडं, हाड, सगळं पार करून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. पण तिचा धक्काही तसाच. तिची रायफल नव्या बांधणीची होती म्हणून चालेल, जुनीत घातली असती तर रायफलच फुटली असती. हे तो इतक्या सहज म्हणाला की मी त्याला पुन्हा सांगायला लावलं, आणि मग नळीवर काय कोरलंय ते त्यानं मला चष्मा लावून वाचायला दिलं. तांब्याचीही एक जात होती, कारण शिशाच्या गोळ्या आता हळूहळू बंदच होणार आहेत, पण ती त्याच्याकडे दोन महिने येणार नव्हती.

मला निवड सोपी वाटत होती. तिच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं. आयुष्यभर हातोडी चालवून खांद्याचा स्नायू फाटला होता आणि तिच्याच एका ज्युनियरनं तो शिवला होता. त्याच खांद्याला ती रायफल लावणार. "हलकी घे," मी म्हणालो. "पुरते म्हणतोय ना तो."

"नाही, जड."

"अगं, खांदा बघ तुझा."

"मला हेवी लोडच हवंय," ती दुकानदाराकडे बघत म्हणाली. तिचा हा आवाज मला ऑपरेशन थिएटरमधून ठाऊक आहे. त्या आवाजापुढे सिस्टर लोक मूग गिळून बसायच्या, मीही बसलो. मनातून मात्र चिडलो होतो. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढचे आठवडे ती एका जुन्या दगडखाणीतल्या रेंजवर जाऊन नेम बसवत होती. काडतूस बदललं की गोळी वेगळ्या जागी लागते, म्हणून शिकारीत जे वापरायचं त्यानंच सराव. परत आली की स्वेटर काढताना तोंड वेडंवाकडं करायची. खांद्यावर आधी लाल, मग जांभळा, मग पिवळट हिरवा डाग. तो जायच्या आत त्यावर नवा. मी फ्रोझन मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिथं धरून बसायचो. मला राग यायचा आणि रागाच्या खाली भीती असायची. शिवलेला स्नायू परत फाटला तर तिला तो हात वर करता येणार नाही, वेणी घालता येणार नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आय नो द ॲनाटमी." मी मटारची पिशवी फिरवून दुसरी बाजू लावली.

या सगळ्यात खंडेनवमी आली. इतर सण आम्ही उरकतो, पण खंडेनवमीला ती कधी विसरत नाही. ज्याच्यावर आपलं पोट, त्याची पूजा. हॉस्पिटलातल्या ड्रिलला हळदकुंकू लावलं तर इन्फेक्शन कंट्रोलवाले फासावर देतील, म्हणून ती ऑपरेशनला लावायचा स्वतःचा भिंगाचा चष्मा घरी आणायची आणि त्याची पूजा करायची. माझ्या स्टेथोस्कोपची, गाडीची, शिलाई मशीनची. यंदा पाटावर रायफल आली. तिनं मला दूर उभं करून ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, मला दाखवली, मगच ठेवली. शेजारी काडतुसं उभी मांडली, चपटी नाकं वर करून. वेम्बलीहून आणलेला झेंडू वाहिला. हळद, कुंकू, आणि अक्षता. अक्षता ती डाव्या हातानं टाकते. तेवढा सूड ती दरवर्षी लहानपणाचा घेते.

मी नमस्कार केला. काय मागितलं ते सांगायला लाज वाटत नाही. हिला काही होऊ देऊ नकोस, एवढंच. संध्याकाळी तिनं रायफल पुसली, नळीतून बोळा फिरवला, तेलाचा हात दिला आणि कपाटात ठेवली. काडतुसं एकेक करून पुसली. ऑपरेशननंतर बोळे मोजावेत तशी ती नीटनेटकी बाई आहे.

फार्मरनं बागेच्या कडेला एका ओकच्या झाडाला लोखंडी शिडी आणि वर एक खुर्चीसारखी बैठक बांधून ठेवली होती. आपल्याकडे मचाण म्हणतात तेच, फक्त एका माणसाचं. मी तिच्याबरोबर जायचा हट्ट पहिल्या दिवसापासून धरला होता. तिला एकटीला त्या जंगलाच्या तोंडाशी सोडून मी घरी बसणं शक्यच नव्हतं. तिनं शिडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चटई घेऊन एका पडक्या दगडी भिंतीमागे बसायची जागा केली. समोर बाग, बागेच्या मागे मातीचा चढ, म्हणजे गोळी सुटली तरी मातीत जाणार. मला उंचीचं भय आहे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहायचं तरी मी भिंत धरतो. मला वाटलं, तिला भिंतच बरी वाटली असेल.

खंडेनवमीनंतरच्या शनिवारी आम्ही दिवस मावळायच्या आधी तिथं जाऊन बसलो. थंडी होती. कुजक्या सफरचंदांचा आंबूस वास. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं नाही. मी जीव मुठीत धरून बसलो होतो आणि माझा श्वास मलाच मोठा वाटत होता. ती मात्र भिंतीच्या खाचेत रायफल टेकवून अशी बसली होती की पापणीसुद्धा हलत नव्हती.

डुक्कर आलं ते आवाज न करता. झाडांमध्ये नुसता अंधार होता, आणि मग त्या अंधाराला पाय फुटले. एकटा नर. खांद्याकडे उंच, मागे उतरता, आणि माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा. आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर, आमच्या घरापासून बसस्टॉप आहे तेवढ्या अंतरावर, तो सफरचंदं खायला लागला. ती खाण्याची कचकच मला स्पष्ट ऐकू येत होती. मनात एकच येत होतं, मारू नकोस, जाऊ दे त्याला, आपण घरी जाऊ.

बार झाला. कानावर बाराचा आवाज तेवढा अडवणारे मफ होते तरी तो माझ्या छातीत वाजला. डुक्कर खाली बसलं, आणि उठलं. उठलं आणि वळलं ते आमच्याकडे. ते आमच्यावर धावून येत होतं की त्याला पळायला तीच वाट दिसली, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं कडी खाली ढकलली, रिकामं काडतूस उडालं, तिनं कडी वर ओढली. कडी अर्ध्यावर अडकली. तिनं पुन्हा ढकलली, पुन्हा ओढली. अडकली. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तसा आवाज मी तिच्याकडून कधीच ऐकला नव्हता. रक्तानं भरलेल्या जखमेसमोर उभी असतानाही नाही. मग तिनं अडकलेली रायफल तशीच बाजूच्या मातीकडे वळवून धरली आणि उजव्या हातानं मला मागे ढकलून माझ्यापुढे आली. माझ्यापुढे.

डुक्कर भिंतीपाशी आलं, गुडघ्यांवर गेलं, आणि नाकानं माती ढकलत थांबलं. त्याचा एक पाय थोडा वेळ हलत होता. मग तोही थांबला. गोळी एका खांद्यातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडली होती. ते धावलं ते मेलेलंच धावलं, असं ती नंतर म्हणाली.

मग तिनं टॉर्च माझ्या हातात दिला, हळूहळू काडतुसं बाहेर काढली, कडीच्या आत चाकूचं टोक घातलं आणि काहीतरी खरवडून काढलं. तळहातावर धरून तिनं टॉर्चखाली पाहिलं. कुंकवानं लाल झालेले, तेलानं माखलेले तांदळाचे दाणे. काडतुसं भरायची बाजूची खिडकी असते, तिच्या पाकळीमागून आत गेलेले. बाहेरून पुसून ते कधीच दिसले नसते.

"अक्षता," ती म्हणाली. ते दाणे ती बोटानं एकेक मोजायला लागली. मी टॉर्च दुसरीकडे वळवला, आणि मग मला जे रडू आलं ते आवरेना.

फार्मर दिवा घेऊन आला, त्यानं डुकराकडे पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टर आणतो म्हणून निघून गेला. आम्ही भिंतीला टेकून बसलो. मी रडणं संपवून रागावलो. पुढच्या वर्षी चष्म्याची पूजा कर, नाहीतर मिक्सरची कर, पण या वस्तूला पाटावर ठेवायचं नाही. ती हो म्हणाली. इतक्या लवकर ती कधी हो म्हणत नाही, म्हणून मला धीर आला आणि मी खांद्याचंही काढलं. आता तरी हलकी काडतुसं घे, किती दिवस स्वतःचे हाल करून घेणार आहेस.

"अरे, हलकी असती तर आज आपण इथं बसलो नसतो," ती म्हणाली.

"दुकानदार पुरते म्हणाला होता."

"वरून पुरते." तिनं ओकच्या झाडाकडे हनुवटी केली. "वर बसलं की लाइट लोड चालतं. जखमी झालं तरी ते शिडी चढून येत नाही. पळालं तर थांबायचं, मग कुत्रा घेऊन शोधायचं. खाली बसून तसं नाही चालत. एका गोळीतच व्हायला हवं."

"मग वर का नाही बसत तू?"

"वर एकच माणूस मावतं," ती म्हणाली. "तुला शिडी चढवत नाही आणि पळता येत नाही. तुझ्या गुडघ्यांचे एक्स-रे मी पाहिलेत. तू इथं बसणार म्हटल्यावर मी जड घेतली."

म्हणजे तो जांभळा डाग माझा होता. ज्याच्यावर मी मटारची पिशवी धरून तिला बोल लावत होतो, तो मी तिच्याशेजारी बसावं म्हणून तिनं सोसलेला. मी तिला राखायला येत होतो, आणि माझ्या येण्यामुळंच ती जमिनीवर, डुकराच्या वाटेत बसत होती. मी तिच्या दुसऱ्या खांद्यावर डोकं टेकलं. ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

पुढच्या वेळी दुकानात हलक्या काडतुसांचा बॉक्स मीच उचलून काउंटरवर ठेवला. तिनं सर्टिफिकेट पुढे केलं. घरी येताना मी गाडीत म्हणालो की इथून पुढे तू वर बस, मी घरी थांबतो. तिनं मान हलवली आणि रस्त्याकडे बघत राहिली. तिला बरं वाटलं असं मी समजलो.

ती एकटी गेली ती संध्याकाळ मी जिन्याच्या पायरीवर बसून काढली, कोट घालून, बूट घालून. त्या बाजूला फोन लागत नाही. टीव्ही लावला तर बार ऐकू येणार नाही, म्हणून लावला नाही. बार ऐकू आला असता तर काय करणार होतो, हेही मला ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या श्वासांवर नजर ठेवून बसलो, पण तिथं निदान समोर श्वास तरी दिसायचा.

ती आली. डुक्कर फिरकलंच नाही म्हणाली. रायफल कपाटात गेली, मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहिलो, मग चहा टाकला. ती स्वेटर काढून टेबलाशी बसली. खांदा स्वच्छ होता.

"घाबरलास?" तिनं विचारलं.

"हो. फार."

तिनं रिकामा कप दोन्ही हातांत धरला. "मीपण," ती म्हणाली. "वर एकटीला फार भीती वाटते रे. अंधार पडला की खाली काय हलतंय ते कळत नाही. तू शेजारी असलास की तू इतका घाबरतोस, की मला माझी भीती जाणवत नाही."

मला वाटत होतं, सर्जन कधी घाबरत नाहीत. मी चहा गाळायचा विसरलो, तो कडू झाला, आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मी फार्मरला जाऊन विचारलं. त्याच्याकडे गोठ्यामागे दोघांचं जुनं मचाण पडलेलं होतं. त्यानं आणि तिनं मिळून ते ओकला बांधलं. आता रोज दुपारी, लख्ख उजेडात, आम्ही दोघं तिथं जातो, बंदूक घरी ठेवून. ती खाली उभी राहून शिडी धरते आणि मी चढतो. काल निम्म्या शिडीवर मी डोळे मिटून लोखंडाला मिठी मारून उभा राहिलो. खालून ती म्हणाली, बास झालं, उतर आता. मी म्हणालो, जरा थांब, आणखी एक पायरी बघतो.